बफेलोहून पत्र: घर ठरलं, पण ते पांढरं नाही

बफेलो (न्यूयॉर्क राज्य, अमेरिका), ८ फेब्रुवारी

ती. आई आणि ती. बाबांना साष्टांग नमस्कार.

घर ठरलं. फोनवर हे सांगितल्याबरोबर बाबांनी विचारलं, "स्लॅब केवढ्याचा आहे?" आणि मागून आईचा आवाज आला, "दार कोणत्या तोंडाचं?" मला दोन्हींची धड उत्तरं देता आली नाहीत. इथल्या घरांना वर स्लॅब नसतो, आणि दाराच्या तोंडाबद्दल सांगायला मला जरा धीर गोळा करावा लागणार आहे. म्हणून सगळं लिहूनच काढते.

फोटो पाहून तुम्ही दोघं हिरमुसलात तेही कळलं मला. गुलाबी टाइल्सची बाथरूम, तपकिरी कपाटांचं स्वयंपाकघर. "आधी दाखवलेलं ते पांढरं घर काहून सोडलं गं?" असं आई म्हणालीस.

ते पांढरं घर आम्हालाही आवडलं होतं. १९५० च्या दशकातलं, पण जाहिरातीत 'पूर्णपणे अपडेटेड'. क्वार्ट्झचा ओटा, करडी जमीन, काचेचा शॉवर, आतून-बाहेरून ताजा रंग. कुणीतरी स्वस्तात घेतलं, काही महिन्यांत नटवलं आणि विकायला काढलं. इथे हा रीतसर धंदा आहे आणि त्यात मला काही गैर वाटत नाही. फक्त असा माणूस पैसे तिथेच घालतो जिथे फोटो चांगला येतो. माळ्यावर चढून कोण फोटो काढतो! समीर चढला. खोल्यांच्या छतावर, माळ्याच्या तळाशी, उष्णता अडवणारा जो थर लागतो, तो इथल्या थंडीला सव्वा ते दीड फूट जाड हवा. तिथे जेमतेम चार इंच होता, तोही जुना, दबलेला. तळघरातल्या फर्नेसवर, म्हणजे घरभर गरम हवा खेळवणाऱ्या भट्टीवर, साल लिहिलेलं असतं. त्यावर २००० होतं. ही वस्तू साधारण पंधरा-वीस वर्षं चालते. आणि तळघराच्या भिंतीला गुडघ्यापर्यंतच नवा पांढरा रंग दिलेला. बाबा, तुम्ही तिथे जे केलं असतं तेच मी केलं. कोपऱ्यात वाकून नखाने खरवडलं. पापुद्रा निघाला आणि खाली लोणा.

२०२३ च्या सप्टेंबरात नागपुरात अंबाझरी तलाव ओसंडला आणि कॉर्पोरेशन कॉलनीत मामाकडे पाणी शिरलं, तेव्हा मामाने दिवाळीआधी घाईघाईने भिंती रंगवल्या होत्या. संक्रांतीला तो रंग पोपडे धरून खाली. तो वास एकदा नाकात बसला की माणूस कोणत्याही देशात ओळखतो. विकणाऱ्याचा एजंट म्हणाला, "तळघरं अशीच असतात." असतील बाप्पा. आम्ही निघालो.

आता गावाचं सांगते, कारण बफेलोच्या उपनगरात घर घ्यायचं म्हटलं की पहिला प्रश्न दक्षिणेला की उत्तरेला, हाच असतो, आणि तो वास्तुशास्त्राचा नसतो. इथलं लेक एरी हे पाच महासरोवरांपैकी सगळ्यात उथळ. उन्हाळाभर पाणी तापलेलं असतं. नोव्हेंबरात गार वारा त्या कोमट पाण्यावरून लांबवर वाहत येतो, वाफ उचलतो आणि काठाशी आला की ती बर्फ करून ओततो. ओततो तोही अरुंद पट्ट्यात. पट्ट्याखाली तासाला दोन-तीन इंच, आणि काही मैलांवर लख्ख ऊन. तळं गोठलं की वाफ थांबते, मग हा प्रकार ओसरतो. शहरात वर्षाला सरासरी ९५ इंचांच्या आसपास बर्फ पडतो, पण सरासरीला काय घेऊन बसायचं? २०२२ च्या नोव्हेंबरात दक्षिणेकडच्या ऑर्चर्ड पार्क आणि हॅम्बर्ग या गावांत एकाच वादळात ८० इंचांच्या घरात बर्फ पडला. म्हणजे बाबा, तुमच्या डोक्यावरून. ऑर्चर्ड पार्कच्या स्टेडियममधला अमेरिकन फुटबॉलचा सामना उचलून डेट्रॉइटला न्यावा लागला. उत्तरेच्या उपनगरांत तेव्हा त्यामानाने पुष्कळ कमी होता. म्हणून दक्षिणेकडची घरं कितीही देखणी असली तरी आम्ही बघायलाच गेलो नाही. समीरचं कामही उत्तरेला, ऍम्हर्स्टमध्ये.

पण ऍम्हर्स्टचीही एक भानगड आहे, आणि ती वाचल्यावर मला एकदम आपल्या प्रतापनगरात उभी असल्यासारखं वाटलं. तिथल्या बऱ्याच भागाखाली फार पूर्वीच्या तळ्याच्या तळाची चिकणमाती आहे. कोरड्या उन्हाळ्यात ती आकसते, ओली झाली की फुगते, आणि तळघरांचे पाये हलवते. घरं इतकी बिघडली की अमेरिकी सैन्याच्या अभियंता विभागाने त्याचा अभ्यास केला. आपली काळी मातीच की ही! आपलं घर बांधताना तुम्ही काळी माती उपसून मुरूम भरून घेतला होता, आणि शेजारच्या काकांनी तो खर्च वाचवला म्हणून त्यांच्या भिंतीत दर मे महिन्यात बोट जाईल एवढी भेग पडायची, ते मला चांगलं आठवतं. म्हणून आम्ही विल्यम्सव्हिलकडे सरकलो. तिथे चुनखडीचा खडक जमिनीच्या अगदी जवळ येतो. गावाच्या मधोमध एलिकॉट क्रीक त्याच खडकावरून धबधबा होऊन पडते.

घरं निवडायची माझी पद्धत ऐकून इथल्या मैत्रिणी हसतात. बर्फ पडून गेला, आकाश निवळलं, की गाडी काढायची आणि गल्ल्यांतून छपरं बघत हिंडायचं. एकाच ओळीतली, एकाच वयाची घरं, पण एकाच्या छपरावर बर्फ जाड आणि सारखा बसलेला, तर दुसऱ्याचं छप्पर मध्येच काळं उघडं पडलेलं. ते काळं छप्पर म्हणजे आतली ऊब माळ्यातून निसटतेय. तेवढ्यावर भागत नाही. वितळलेलं पाणी उतरत वळचणीशी येतं. वळचणीखाली घर नसल्याने तिथे गारठा, म्हणून ते पुन्हा गोठतं. बर्फाचा बांध तयार होतो, आणि मागून येणारं पाणी त्या बांधाला अडून छपराच्या कौलाखाली उलटं शिरतं. वळचणीला लटकणाऱ्या बर्फाच्या लांब सुळक्यांचे लोक कौतुकाने फोटो काढतात. मी ते घर यादीतून काढते. आपण एप्रिलमध्ये गच्चीला चुना मारतो तो ऊन बाहेर ठेवायला. इथे सगळा आटापिटा ऊब आत ठेवायला. हिशोब तोच, फक्त उलट्या बाजूने.

आमचं घर अशाच एका फेरीत दिसलं. छपरावर गादी अंथरल्यागत बर्फ, वळचणीला एकही सुळका नाही. १९६२ चं, बैठं. एक आजी लग्न झाल्यापासून तिथे राहत होत्या. त्यांनी पुठ्ठ्याच्या फाइलमध्ये प्रत्येक कामाची पावती लावून ठेवलेली. छप्पर जुनं उपसून नवं घातलं त्याची, दुहेरी काचांच्या खिडक्यांची, विजेचं पॅनेल १०० वरून २०० अँपिअरचं केलं त्याची. माळ्यावर थर भरपूर, आणि थराची जाडी कळावी म्हणून त्यात कागदी पट्ट्या उभ्या खोचलेल्या. वळचणीखाली हवेची भोकं, आढ्याला फट, म्हणजे माळा गार आणि कोरडा राहतो. फर्नेस नव्या पद्धतीची, धूर चिमणीतून न जाता पांढऱ्या प्लास्टिकच्या पाइपने भिंतीतून बाहेर. तो पाइप बर्फात बुजला तर विषारी वायू घरात साठू शकतो, म्हणून तो जमिनीपासून केवढा उंच आहे हेही मोजलं. स्वयंपाकघराला मात्र आजींनी हात लावला नव्हता. "अजून चालतंय की," म्हणाल्या.

बाबा, लाकडाच्या घराबद्दल तुम्ही जे बोललात ते मी समीरला ऐकवलं नाही. पाया लाकडाचा नसतो. जमीन हिवाळ्यात गोठते आणि गोठताना वर उचलते, म्हणून पाया साडेतीन फुटांच्या खाली न्यावाच लागतो. एवढं खणायचंच, तर तळघर करून टाकतात. वरच्या लाकडी सांगाड्याच्या पोकळीत ऊब धरणारं इन्सुलेशन भरता येतं. आपल्यासारखी नुसती विटा-सिमेंटची भिंत इथे रात्रभरात गारठून जाईल.

आई, आता ऐक. दार दक्षिणेचं आहे. लगेच फोन करू नकोस, पुढचं वाच. रस्त्यावरचा बर्फ टाउनचा प्लाउ काढतो, पण आपल्या ड्राइव्हवेवरचा, म्हणजे रस्त्यापासून घरापर्यंत गाडी आणायच्या वाटेवरचा, आपणच काढायचा, आणि प्लाउ जाता जाता आपल्याच तोंडाशी एक ढीग लावून जातो तोही आपणच उपसायचा. ड्राइव्हवे उत्तरेला असला तर घराची सावली पडते आणि तिथे मार्चपर्यंत काचेचा थर. दक्षिणेला असला तर दुपारचं ऊन निम्मं काम करून टाकतं. तू दक्षिणेला यमाची दिशा म्हणतेस, पण इथे तो उत्तरेलाच बसतो, पाय घसरायची वाट बघत. देवघर ईशान्येलाच होणार आहे, ते मी आधीच बघून ठेवलंय.

२०२२ च्या नाताळातलं इथलं वादळ तुम्ही बातम्यांत पाहिलं होतं. या परिसरात चाळीसहून जास्त माणसं गेली, कित्येकांची वीज दिवसेंदिवस नव्हती. फर्नेस गॅसची असली तरी तिचा पंखा विजेवरच चालतो. त्यामुळे जनरेटर जोडायची सोय आहे का, हा प्रश्न मी प्रत्येक घरी विचारला. इथे आहे. आपल्याकडच्या इन्व्हर्टरचाच हा थोरला भाऊ समजा.

कागदांबद्दल बाबांना खूप आवडेल असं एक सांगते. या भागात घराबरोबर ॲबस्ट्रॅक्ट नावाचं बाड मिळतं, त्या जमिनीच्या सगळ्या मालकांची वंशावळच. इथली जमीन एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला हॉलंड लँड कंपनीने विकली होती, आणि त्याआधी ती सेनेका लोकांची होती. तुम्ही तीस वर्षांच्या सर्च रिपोर्टसाठी वकिलाच्या मागे लागायचात, इथे दोनशे वर्षांचा हातात येतो. आल्यावर निवांत वाचा. आमचा वकील वाचतोच आहे.

टॅक्स ऐकून मात्र चहाचा कप खाली ठेवा. टाउन आणि काउंटीचा जानेवारीत, शाळेचा सप्टेंबरात, मिळून वर्षाला साडेसात हजार डॉलरच्या आसपास. आपण घरटॅक्सची नोटीस आली की आठवडाभर महापालिकेच्या नावाने बोलतो, ते आठवून मला हसू येतं. पण शाळा चांगली आहे आणि रस्ता सकाळी सहाला मोकळा असतो.

राहिलेलं थोडंसं: रेडॉनची तपासणी झाली. हा जमिनीतून येणारा वायू, त्याला ना वास ना रंग. आकडा मर्यादेच्या आत आला. घर १९७८ च्या आधीचं असल्याने जुन्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून खिडक्यांच्या चौकटी आम्ही स्वतः घासणार नाही, माणूस बोलावणार. सांडपाण्याच्या पाइपमध्ये कॅमेरा घालून बघायचं राहिलंय, ते गुरुवारी. त्यात झाडाची मुळं निघाली तर किमतीवर पुन्हा बोलू.

तुमची खोली पुढच्या बाजूला, उन्हाची, आणि बाथरूम तिला लागून. एकही पायरी नाही, आईच्या गुडघ्यांसाठी हे मी पहिल्या दिवसापासून धरून बसले होते. गुलाबी टाइल्स आम्ही सध्या ठेवतोय, पण नळाजवळ धरायला दांडा बसवून घेणार. मे महिन्याच्या मध्यावर निघा. नागपुरात तेव्हा कूलरसमोरून उठवणार नाही, इथे सकाळी स्वेटर लागेल. सहा महिन्यांच्या हिशोबात नोव्हेंबरचा पहिला बर्फ बघूनच परत जाल, आणि बाबांना हातात फावडं घ्यायचंच असेल तर मी अडवणार नाही. तिकिटाच्या तारखा शनिवारी तुमच्या संध्याकाळी ठरवू, तोवर दोघांचे पासपोर्ट कधीपर्यंत चालतात ते बघून ठेवा.

तुमची,
राणू

ता. क. आई, फोडणीचा प्रश्न मिटलाय. ओट्यावरचा पंखा धूर थेट घराबाहेर टाकतो. त्या पांढऱ्या घरातला नुसता गोल फिरवून परत खोलीतच सोडायचा. येताना सावजी मसाला आण, संत्रा बर्फी इथेही मिळते.