काकू, त्या संक्रांतीच्या वाणाबद्दल

आदरणीय काकू,

शि. सा. न. वि. वि.

आपल्या ठाण्यातल्या वाचनालयाच्या छपराचं काम पुरं झालं त्या संध्याकाळी तुमचं नाव पुकारलं, तेव्हा तुम्ही उठून मागच्या खोलीत कप विसळायला गेलात. शाल-श्रीफळ टेबलावर तसंच राहिलं. दुसऱ्या दिवशी तुमचा निरोप आला, ‘शाल दुकानात परत करा आणि पैसे छपराच्या खात्यात भरा.’ तसं केलं. आता तुम्ही लेकीकडे नेरूळला राहायला गेलात आणि आभार मानायचे राहून गेले, ते राहूनच गेले. म्हणून हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं उघड लिहितो आहे. ज्यांनी त्या छपरासाठी पावती फाडली, त्यांना कळावं की त्यामागे कोण होतं.

तीन वर्षांपूर्वीच्या आषाढात माडीवर पाच ठिकाणी बादल्या ठेवल्या होत्या. मंगलोरी कौलं तडकलेली, त्यांखालच्या लाकडी रिपा कुजलेल्या, एका वाशाला वाळवी. खालच्या भिंतींचं दुखणं वेगळंच. आधीच्या एका दुरुस्तीत कुणा कंत्राटदाराने चुन्याच्या भिंतींवर सरसकट सिमेंट फासलं होतं. चुन्याची भिंत ओल शोषते आणि ऊन पडलं की बाहेर टाकते. वरून सिमेंटने तोंड बंद केल्यावर ती ओल आतल्या आत राहिली, लोणा म्हणजे खार फुटला आणि गिलाव्याचे पोपडे पुस्तकांच्या कपाटांवर पडू लागले. इमारत पाडून नवी बांधा, असं सांगणारे खूप भेटले. त्यांचा राग नाही. गळक्या छपराखाली बसून जुन्या वास्तूचं महत्त्व ऐकायला कुणालाच आवडत नाही.

आम्ही पैसे उभे करायला निघालो ते मोठ्या थाटात. नाट्यसंगीताची मैफल ठेवली, सभागृह घेतलं, ध्वनिक्षेपक, मंडप, पाहुण्यांचे हारतुरे. गर्दी झाली, टाळ्या झाल्या, आणि खर्च वजा जाता जे उरलं त्यात एका खोलीचं छप्परही झालं नसतं. बैठकीत सगळे गप्प होते. तुम्ही आयुष्यभर बँकेत कॅशिअर होतात. तुम्ही हिशेबाचा कागद दोनदा वाचलात आणि एवढंच विचारलंत, ‘एकूण कौलं किती लागणार आहेत?’

आमच्यापैकी एकालाही ते माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्त्रींना घेऊन तुम्ही अंगणात उभ्या. एक हात लांबी मोजा, तेवढ्यात किती कौलं बसतात ते लिहा, कोनाची वेगळी, आढ्यावरची वेगळी. वासे वेगळे, रिपा वेगळ्या. ‘जीर्णोद्धारासाठी सढळ हाताने मदत करा’ या आमच्या फलकाच्या जागी तुम्ही साध्या खडूने लिहिलंत : एक कौल इतके रुपये, एक रीप इतके, एक घमेलं चुना इतके. त्या दिवसापासून लोक थांबून वाचू लागले. रिक्षावाल्याने दोन कौलं घेतली. चेंदणी कोळीवाड्यातल्या एका मावशींनी मासळीचा बाजार उरकून येताना एक रीप नोंदवली आणि नातवाच्या नावाने पावती मागितली.

मग संक्रांत आली. ‘यंदा वाण म्हणून डबे-वाट्या लुटायच्या नाहीत, कौलं लुटायची,’ हे तुमचं वाक्य आता साऱ्या आळीला पाठ आहे. प्रत्येकीने वाणाला जेवढे पैसे घातले असते तेवढे पेटीत टाकायचे आणि आलेल्या बायकांना तिळगुळासोबत कौलाची पावती द्यायची. घरोघरची हळदीकुंकवं तुम्ही वाचनालयाच्या ओसरीवर आणलीत. बोलावणं कुणाला, हा प्रश्न निघाला तेव्हा तुमचा आवाज किंचित चढला होता. ‘वाचनालयाचं आमंत्रण आहे, वाचणाऱ्या प्रत्येक बाईला आहे.’ काका गेल्यापासून तुम्हाला स्वतःला किती घरांनी हळदीकुंकवाला बोलावलं नव्हतं, हे आम्हा पुरुषांच्या तोवर ध्यानातही आलं नव्हतं. त्या ओसरीवर विधवा आल्या, लग्न न केलेल्या आल्या, महागिरीतून मुस्लिम मैत्रिणी आल्या. माझी आई बारा वर्षांनी अशा समारंभाला गेली. घरी आल्यावर तिने पावती देवापाशी ठेवली. त्यासाठी तुमचे आभार कसे मानावेत ते मला खरंच सुचत नाही.

संक्रांत ते रथसप्तमी हे दिवस तुम्ही का धरलेत, ते मला पुढे कळलं. चुन्याच्या कामाला वेळ लागतो. कळीचा चुना पाण्यात विझवायचा, हौदात मुरू द्यायचा, मग वाळू आणि सुरखी म्हणजे विटांची भुकटी घालून मळायचा. मिस्त्री त्यात गूळपाणीही घालत. गिलावा झाल्यावर ओलं गोणपाट लावून दिवसेंदिवस पाणी मारायचं, कारण चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड वायू घेत सावकाश घट्ट होतो. घाई केली की तडकतो. पावसात हे काम होत नाही. पैसे माघात हाती आले तरच चैत्र-वैशाखात भिंती होणार आणि ज्येष्ठाच्या आत छप्पर शाकारून होणार. वर्गणीची तारीख पावसाकडे बघून ठरवायची असते, हे आमच्यातल्या एकाही जाणत्याला सुचलं नव्हतं.

जुन्या जागा दाखवत वर्गणी मागायची, ही शहराच्या फेरीची कल्पना मात्र आमची होती आणि तिचा मला अभिमान आहे. तरी तिच्यातही खरी भर तुमचीच. पहाटे तलावपाळीवर जमायचं, कौपिनेश्वराच्या देवळापासून निघायचं. तुरुंगाच्या तटापाशी मुलं रेंगाळत. हा पोर्तुगीजांनी बांधायला घेतलेला किल्ला, १७३७ मध्ये मराठ्यांनी जिंकला, पुढे इंग्रजांनी त्याचं कारागृह केलं; १८१६ मध्ये इंग्रजांच्या कैदेतले पेशव्यांचे कारभारी त्र्यंबकजी डेंगळे इथूनच निसटले. पहाऱ्यावरच्या गोऱ्यांना मराठी कळत नव्हतं आणि बाहेरचा मोतद्दार, म्हणजे घोडे सांभाळणारा, गाण्यातून त्यांना खुणा सांगत होता, हे ऐकताना पोरांचे डोळे बघण्यासारखे होत. पण तुम्ही देवळापाशी जे सांगितलंत ते मोठ्यांना जाऊन भिडलं. कौपिनेश्वराचं देऊळ १७६० मध्ये सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकरांनी बांधलं, हे पुष्कळांना ठाऊक होतं. १८७९ मध्ये त्याची दुरुस्ती झाली ती ठाणेकरांच्या आठ हजार रुपयांच्या वर्गणीतून, हे थोड्यांनाच माहीत होतं. त्याच १८७९ सालचं बेने इस्रायल समाजाचं प्रार्थनामंदिरही आपल्याच गावात उभं आहे. १ जून १८९३ ला वि. ल. भाव्यांनी पुढाकार घेऊन मराठी ग्रंथ संग्रहालय सुरू केलं तेही इथेच. ‘सरसुभेदार रोज भेटत नाहीत, वर्गणी रोज मागता येते,’ असं तुम्ही म्हणालात आणि पेटी पुढे केलीत. त्या सकाळी पेटी जड झाली होती.

आणि तो हिशेब! दर शनिवारी दारावर चिकटवलेला एक पानी कागद. जमा डावीकडे, खर्च उजवीकडे, चहाचे पैसेसुद्धा. एका आठवड्यात अकरा रुपयांचा मेळ बसेना, तर तुम्ही तेही लिहिलंत, ‘अकरा रुपये सापडत नाहीत, शोध चालू आहे.’ मला ते वाचून धास्ती वाटली होती, लोक काय म्हणतील म्हणून. झालं उलटं. त्या आठवड्यात दोन अनोळखी माणसं आली आणि कागदाकडे बोट दाखवून म्हणाली, इथे द्यायला हरकत नाही. एका व्यावसायिकाने बरीच मोठी रक्कम देऊ केली होती, दर्शनी भिंतीवर नाव रंगवण्याच्या बोलीवर. नाही म्हणायचा धीर समितीत फक्त तुम्हाला झाला. ज्यांनी एकेक कौल दिलं त्यांची नावं कुठे रंगवायची, असं तुम्ही विचारलंत आणि विषय संपला.

यंदाच्या पावसात माडीवर एकही बादली लागली नाही. पागोळ्या सरळ अंगणात पडतात. मुलं खिडकीत बसून वाचतात, तुमची ती मोडकी खुर्ची दुरुस्त करून तिथेच ठेवली आहे.

मागच्या भिंतीवरचं सिमेंट अजून खरवडायचं आहे. दसऱ्यानंतर काम धरू. मिस्त्रींनी हौद धुवून ठेवला आहे, नवं पावतीपुस्तक छापून आलं आहे, आणि घमेल्याचा भाव वाढल्याने फलकावरचा आकडा बदलायला हवा. खडू मी हातात घेतला होता, पण तुमचं अक्षर पुसवेना. एखाद्या रविवारी नेरूळहून ठाण्याची गाडी धरा. स्टेशनावर घ्यायला मी येतो. नवी पहिली पावती तुम्हीच फाडा.

आपला नम्र,
वाचनालय समितीतला एक कार्यकर्ता, ठाणे