कार्ब्युरेटर शेवटी उघडणाऱ्या काकांना

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

गाडी आता ठीक चालते, हे तुम्हाला तोंडी सांगून झालंय. तुम्ही ‘बरं’ म्हणालात आणि शेजारच्या गाडीच्या क्लचकडे वळलात. कुणी आभार मानायला लागलं की तुम्हाला नेमकं काम आठवतं, म्हणून हे लिहून टाकतोय. उघड पत्र अशासाठी, की कार्ब्युरेटरच्या (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारा भाग) जुन्या दुचाकी गाड्या जिवापाड सांभाळणारे पुष्कळ आहेत आणि त्यातले बरेच जण याच दुखण्याने बेजार असतात.

दुखणं त्यांना ओळखीचं वाटेल. थंड असताना चोक ओढला की गाडी गुणाने चालू व्हायची. इंजिन तापलं की नाटकं सुरू. हळू चालीत पायांना धग लागायची. रेस सोडली तरी आवाज लगेच खाली उतरायचा नाही, आणि उतरला की असा उतरायचा की गाडी बंद. मग गरम इंजिनावर किका मारत बसायचं. उतारावर रेस सोडली की सायलेन्सरमधून फटफट. तुमच्याकडे येण्याआधी दोन निदानं झाली होती: एकाने नवा कार्ब्युरेटर टाकायला सांगितला होता, दुसऱ्याने बोअर-पिस्टन. शिवाय कुणीतरी आयडलिंगचा (रेस न देता इंजिन चालू राहण्याचा) स्क्रू पिळून आरपीएम चढवून ठेवला होता. त्याने बंद पडणं कमी झालं, पण उभ्या गाडीचं तापणं वाढलं. एअर-कूल्ड इंजिनाला वाहती हवा हवी; जागेवर उभं करून जास्त रेसवर ठेवलं तर ते तापणारच.

तुम्ही गाडीला हातच लावला नाहीत. विचारत बसलात. उभी असताना तापते की चालताना? चोक अर्धा ओढला तर सुधारते की बिघडते? रेस सोडल्यावर आवाज रेंगाळतो का? चोक ओढल्यावर गाडी सुधारते म्हटल्यावर तुम्ही मान हलवलीत. पेट्रोल वाढवलं की बरं वाटतंय, म्हणजे कुठेतरी पेट्रोल कमी पडतंय नाहीतर हवा जास्त होतेय. हे तुम्ही एकही पाना न फिरवता सांगितलंत. पहिले आभार त्या प्रश्नांचे.

‘कार्ब्युरेटर शेवटी,’ हे दुसरं. मला ते तेव्हा उलटंच वाटलं होतं, कारण आयडलिंग बिघडलं की सगळ्यांचा हात पहिल्यांदा तिथेच जातो. तुम्ही आधी फिन्समध्ये (इंजिनाला गार ठेवणाऱ्या बाहेरच्या पात्यांमध्ये) बसलेला चिखल ब्रशने काढायला लावलात, ऑइलची पातळी बघितलीत, गाडी मेन स्टँडवर घेऊन मागचं चाक हाताने फिरवून पाहिलंत. ब्रेक धरून राहिला असेल तर इंजिन उगाच जोर लावत बसतं आणि दोष मात्र कार्ब्युरेटरला मिळतो. यात काही सापडलं नाही. पण ज्याला पैसे पडत नाहीत ते आधी बघायचं, हा तुमचा नेम मला पटला.

मग पॉइंट, म्हणजे स्पार्क कधी पडायचा ते ठरवणारा उघडझाप करणारा स्विच. इथे तुम्ही मला खाली बसवून फीलर गेज, म्हणजे फट मोजायच्या पातळ पात्या, हातात दिलंत. पॉइंटचा जो फायबरचा भाग कॅमवर घासतो तो वापराने झिजत जातो, तो झिजला की गॅप मिटत जाते आणि गॅप मिटली की स्पार्क उशिरा पडतो. जुन्या गाड्यांत ही गॅप साधारण 0.3 ते 0.4 मिलिमीटर असते (आकडा आपापल्या गाडीच्या मॅन्युअलमधलाच धरायचा, हे तुमचं पालुपद). माझी निम्म्यावर आली होती. उशिरा पेटलेलं मिश्रण पिस्टनला ढकलायचं सोडून एक्झॉस्ट वाल्व उघडेपर्यंत जळत राहतं. जिच्यातून ताकद मिळायची ती उष्णता हेडमध्ये (इंजिनाच्या वरच्या भागात) आणि सायलेन्सरच्या पाइपात जाते. पाइप हेडजवळ निळा का पडला होता ते तेव्हा कळलं. गॅप बदलली की टायमिंगही (स्पार्क पडायची वेळ) बदलतं, म्हणून गॅप आधी आणि टायमिंग नंतर. हा क्रम उलटा केला तर दोनदा काम.

टॅपेटबद्दल (वाल्व ढकलून उघडणारा भाग) तुम्ही जे सांगितलंत ते तर कायम लक्षात राहील. कटकट वाजणाऱ्या टॅपेटची सगळ्यांना काळजी, पण वाईट तो गप्प बसलेला. टॅपेट घट्ट असला तर वाल्व सीटवर पुरता टेकत नाही. एक्झॉस्ट वाल्व आपली बरीचशी उष्णता टेकलेला असतानाच सीटमार्फत बाहेर टाकतो. टेकलाच नाही तर जळतो, कॉम्प्रेशन गळतं आणि आयडलिंगही डगमगतं. माझ्या गाडीच्या एक्झॉस्टच्या टॅपेटमध्ये फीलरची पाती शिरेना. इंजिन पूर्ण थंड असताना, पिस्टन कॉम्प्रेशनला वर आणून, तुम्ही तो माझ्याकडूनच सेट करून घेतलात. खरं तर तुमच्या हाताने ते पटकन झालं असतं.

इतकं झाल्यावर गाडी कमी तापू लागली, पण आयडलिंग तसंच. तेव्हा तुम्ही गंमत दाखवलीत. आयडलिंगचं मिश्रण ठरवणारा पायलट स्क्रू पेट्रोलचा असेल, तर तो हलक्या हाताने पूर्ण आत फिरवला की आयडलिंगचं पेट्रोल तुटून इंजिन बंद पडायला हवं. माझं चालूच राहिलं! म्हणजे ते त्या सर्किटवर चाललंच नव्हतं. एक तर आयडलिंगच्या पिळलेल्या स्क्रूमुळे थ्रॉटल (रेसची झडप) उघडा होता. तुम्ही तो खाली आणलात, तर इंजिन वर-खाली होऊ लागलं. मग पाण्याची पिचकारी घेऊन कार्ब्युरेटर आणि हेड जोडणाऱ्या रबरावर जरासं पाणी मारलंत आणि आवाज क्षणभर बदलला, म्हणजे तिथूनच हवा आत शिरत होती. बरेच जण इथे पेट्रोल नाहीतर क्लीनर मारतात. गरम इंजिनाशेजारी तो खेळ नको, असं तुम्ही म्हणालात, आणि ते इथे मुद्दाम लिहितोय.

रबर काढून वाकवलं तेव्हा कुठे चीर दिसली. सरळ धरलं तर साफ. बाहेरून बघून ‘रबर ठीक आहे’ म्हणणाऱ्यांना दोष तरी काय द्यायचा? आयडलिंगला इंजिन मुळात एवढीशी हवा ओढतं की चिरेतून आलेल्या हवेचा वाटाही मोठा होतो. पूर्ण रेसवर तीच चीर जाणवत नाही, म्हणून मोकळ्या रस्त्यावर गाडी चांगली वाटायची. पेट्रोल पूर्ण जळायला वजनाने सुमारे 14.7 पट हवा लागते. इथेनॉलला साधारण 9 पटच. त्यामुळे इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलवर जुने जेट (पेट्रोल मोजून सोडणारे बारीक भोकाचे तुकडे) आधीच जरा कोरडे पडतात, म्हणजे पेट्रोल कमी पडतं, वर ही फुकटची हवा. जुन्या रबरालाही इथेनॉल मानवत नाही.

आणि कार्ब्युरेटर? तो शेवटी उघडलात, पायलट जेट उजेडासमोर धरलंत: स्वच्छ. नुसती हवा मारून परत बसवलंत. पितळेच्या जेटमध्ये तार घालायची नाही, भोक मोठं होतं, हेही तेव्हाच सांगितलंत. नवा कार्ब्युरेटर घेतला असता तर तो त्याच फाटक्या रबरावर बसला असता.

पायलट स्क्रू सेट करताना तुम्ही थांबवून विचारलंत, हा पेट्रोलचा की हवेचा? इंजिनाच्या बाजूला असेल तर बहुधा पेट्रोलचा, बाहेर काढला की पेट्रोल वाढतं. फिल्टरच्या बाजूला असेल तर हवेचा, बाहेर काढला की पेट्रोल कमी. हा फरक माहीत नसल्याने किती गाड्यांचे स्क्रू उलटे फिरले असतील कुणास ठाऊक.

एका बाबतीत मात्र आपलं जमायचं नाही. पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवावं असं मला अजूनही वाटतं. झिजायला काही उरतच नाही. तुमचं म्हणणं, ते रस्त्यात गेलं तर दुरुस्त होत नाही, पॉइंट मात्र रस्त्याकडेला घासूनही घरापर्यंत आणता येतो. दोघांचंही खरं आहे. सध्या गाडी तुमच्या बाजूने आहे.

प्लग काढून पाहिला. टोक फिकट तपकिरी आहे, पेट्रोल कमी पडत होतं तेव्हासारखं पांढरं नाही. टॅपेट कव्हरच्या पॅकिंगमधून थोडं ऑइल झिरपतंय, ते मी बसवलेलं पॅकिंग आहे. नवं आणून ठेवलंय, या वेळी बोल्ट कसे आवळतो ते शेजारी उभं राहून बघा, एवढी विनंती. दुपारी तुमची गर्दी कमी असते, तेव्हा येतो.

आपला,
एक आभारी गाडीवाला