नऊ वाजेपर्यंत मोकळीक

न्यूयॉर्क

ती. दादा व ती. सौ. वहिनी यांस,
शि. सा. नमस्कार.

आम्ही दोघंही खुशाल. हिचा गुडघा थंडीत जरा कुरकुरतो, एवढंच. लेक आणि जावई सकाळीच कामाला लागतात, म्हणून त्यांच्या लाडूला फिरवायचं काम माझ्याकडे आलंय. उभ्या जन्मात कुत्र्याच्या गळ्यात पट्टा न बांधलेला मी!

जातो सेंट्रल पार्कात. मॅनहॅटनच्या ऐन मध्यात 843 एकर झाडी, तळी, कातळ. आपलं शेत साडेतीन एकर, दादा, करा हिशोब. इथली गंमत अशी की कुत्र्यांची मोकळीक घड्याळावर चालते. सकाळी सहा ते नऊ आणि रात्री नऊ ते एक, ठरवून दिलेल्या भागांत त्यांना सोडता येतं. एरवी पट्टा हवाच, आणि तोही सहा फुटांहून लांब चालत नाही. नऊच्या सुमारास जो तो हाका मारत आपापलं कुत्रं गोळा करतो. लाडू मात्र नेमका तेव्हाच बहिरा होतो. शीप मेडो नावाच्या हिरवळीवर आणि मुलांच्या खेळाच्या जागांत तर त्यांना कधीच सोडत नाहीत. त्या हिरवळीवर 1934 पर्यंत खरोखरच मेंढरं चरत होती म्हणे.

आणि घाण? ती मालकानं उचलायची. 1978 पासून तसा कायदाच आहे, नाही उचलली तर 250 डॉलरपर्यंत दंड. चांगले कोटबिट घातलेले लोक खिशातून पिशवी काढून निमूट वाकतात. मीही वाकतो. हे वाचून तुम्ही काय म्हणाल ते मला इथपर्यंत ऐकू येतंय, पण पायवाटा स्वच्छ राहतात हे कबूल करायला हवं.

वहिनी, तुमच्यासाठी एक गोष्ट. बागेत बाल्टो नावाच्या कुत्र्याचा पुतळा आहे. 1925 च्या जानेवारीत अलास्कातल्या नोम गावी घटसर्पाची साथ आली. बर्फामुळे औषध पोचेना, तेव्हा कुत्र्यांच्या गाड्यांनी टप्प्याटप्प्यानं हजारेक किलोमीटर ते नेलं. शेवटच्या टप्प्यात गाडीच्या पुढे बाल्टो होता. त्याच वर्षी डिसेंबरात पुतळा उभा राहिला, आणि अनावरणाला बाल्टो स्वतः हजर! पोरं पाठीवर बसून बसून ब्राँझ लखलखीत झालंय. खरं तर सगळ्यांत लांबचा आणि अवघड टप्पा टोगो नावाच्या कुत्र्यानं काढला होता. पण गावात शेवटी जो पोचला, त्याचंच नाव झालं. आपल्याकडच्या लग्नातही राबतो एक आणि मानाचा नारळ भलत्यालाच मिळतो, तसलाच प्रकार. टोगोचाही पुतळा याच शहरात, सीवर्ड पार्कात आहे. तो बघायला मी मुद्दाम जाणार आहे.

बाकावर बसलं की ओळखी होतात. माणसाचं नाव कुणी विचारत नाही, कुत्र्याचं आधी विचारतात. मीसुद्धा आता इथे ‘लाडूचे आजोबा’ आहे. एका बाईंना लाडू म्हणजे काय ते सांगितलं, तर दुसऱ्या दिवशी त्यांनी रव्याचा की बेसनाचा असं विचारलं!

लाडूच्या गळ्यात परवान्याचा बिल्ला असतो, आणि रेबीजची लस इथे सक्तीची आहे. त्यावरून आठवलं, आपल्या गल्लीतल्या मोत्याला लस टोचलीय का? तुमच्या धाकट्याला सांगून त्याला सरकारी गुरांच्या दवाखान्यात न्या. पोरं दिवसभर त्याच्या अंगाखांद्यावर असतात. खर्च काही आला तर मी आल्यावर देईन.

आपला,
धाकटा