खाडीकडे पाहण्याची नजर

वाशीच्या खाडीपुलावर गाडी थांबवून प्लास्टिकच्या पिशवीसकट निर्माल्य पाण्यात टाकणारे दिसतात. ते पायदळी येऊ नये, ही त्यामागची श्रद्धा खरी आहे. पण यातलेच अनेकजण एरवी खाडीला घाण पाणी समजतात. कांदळवनात राडारोडा पडला तरी त्यांना खुपत नाही. दिवाळे, सारसोळे या खाडीकाठच्या गावांतले कोळी याच खाडीवर पोट भरतात, नारळी पौर्णिमेला तिला नारळ अर्पण करतात. ते तिच्यात राडारोडा ओततील का? या ठाणे खाडीला २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्याचा आणि २०२२ मध्ये रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला, तरी आपली नजर बदललेली नाही. शाळांनी मुलांना ओहोटीच्या वेळी खाडीकाठी न्यावे आणि कोळीबांधवांनाच बोलते करावे, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, नेरुळ