रवींद्रनाथांचा निसर्ग राष्ट्राबाहेरचा नाही

रविवारच्या पुरवणीतील रवींद्रनाथ ठाकुरांवरील लेखात त्यांना ‘मुळात निसर्गकवी, राष्ट्रविचार हा त्यांच्या काव्याचा आनुषंगिक भाग’ असे म्हटले आहे. ही विभागणी पटत नाही. 1905 साली बंगालची फाळणी झाली, तेव्हा त्यांनी लिहिलेल्या ‘आमार शोनार बांग्ला’त राजा नाही, शत्रू नाही, तलवारही नाही. फाल्गुनातला आमराईचा गंध आहे, अग्रहायणातली, म्हणजे मार्गशीर्षातली, भरली शेते आहेत, वडाच्या पायथ्याशी आणि नदीकाठी पसरलेली माया आहे. त्याच वर्षीच्या दुसऱ्या गाण्यात ते बंगालची माती, पाणी, वारा आणि फळे पुण्यमय होवोत, अशी प्रार्थना करतात. फाळणी अमलात आली त्या 16 ऑक्टोबरला त्यांच्या हाकेवरून हिंदू-मुसलमानांनी एकमेकांना राख्या बांधल्या, तेव्हा हेच गाणे गायले गेले. धर्मावरून माणसे वेगळी काढता येतात, पण पाऊस आणि पूर दोघांच्याही शेतात सारखेच येतात. पूर्व बंगालमधल्या शिलाईदहला पद्मा नदीच्या पात्रात होडीवर राहून जमीनदारीचा कारभार पाहणाऱ्या कवीला हे पुस्तकातून शिकावे लागले नसावे. पुढे 1917 च्या ‘नॅशनॅलिझम’ या पुस्तकात त्यांनी आक्रमक राष्ट्रवादावर कठोर टीका केली, तीही मला याच मुळातून आलेली दिसते. लेखकाने मात्र ती टीका ‘निसर्गात रमलेल्या कवीची अलिप्तता’ म्हणून निकालात काढली आहे. अलिप्त माणूस राख्या घेऊन रस्त्यावर उतरत नाही.

– एक वाचक