शेऱ्याचा रकाना भरणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,
सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव इथे लिहीत नाही, तुम्हाला ते आवडणार नाही. किशोरवयीन मुलामुलींच्या आरोग्याचे मोठे अभ्यास होतात तेव्हा रक्त तुम्ही घेता आणि अहवालावर नावं आमच्यासारख्या आकडे जुळवणाऱ्यांची येतात. म्हणून हे पत्र चारचौघांत लिहितेय.

आभार मानायचे आहेत ते मुख्यतः तुमच्या शेऱ्यांचे. फॉर्मच्या तळाशी शेऱ्याचा बोटभर रकाना असतो. बहुतेकांचा कोराच येतो. तुमचा कधी कोरा आला नाही. 'शीर सापडेना, दुसऱ्या हाताला टोचलं.' 'उपाशी आहे म्हणतो, पण येताना काहीतरी खाल्लंय.' 'वीज गेली, सेंट्रिफ्यूज दोन तास उशिरा.'

या शेवटच्या ओळीने मोठा घोळ वाचला. एका गटाची साखर विचित्र कमी दिसत होती. सेंट्रिफ्यूजमध्ये गरगर फिरवून पेशी वेगळ्या न करता रक्त साध्या ट्यूबमध्ये तसंच पडून राहिलं तर पेशी आतली साखर वापरत राहतात आणि ती तासाला साधारण 5 ते 7 टक्क्यांनी उतरते. मुलं ठणठणीत होती, उशीर ट्यूबला झाला होता. तो शेरा नसता तर त्या आकड्यांवर कुणीतरी शोधनिबंध पाडला असता, याची मला खात्री आहे.

मग ते पोटॅशियम. मोजक्या नमुन्यांत पोटॅशियम भलतंच वाढलेलं आणि कॅल्शियम तळाला. आमच्याकडे मूत्रपिंडाच्या आजारांची चर्चा सुरू झाली होती. तुम्ही फोनवर एवढंच विचारलंत, "जांभळीतलं रक्त दुसऱ्या ट्यूबमध्ये ओतलं का कुणी?" ओतलं होतं. सीरमची, म्हणजे रक्त गोठल्यावर वर सुटणारं पाणी तपासायची, ट्यूब कमी भरली म्हणून एका नवख्या मुलाने जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमधून भर घातली होती. त्या ट्यूबमध्ये रक्त गोठू नये म्हणून जे ईडीटीए असतं, त्यात पोटॅशियम असतं आणि ते रक्तातलं कॅल्शियम पकडून ठेवतं. सीरमची ट्यूब आधी, जांभळी नंतर, हा क्रम तुम्ही का घोकून घेता ते तेव्हा कळलं. ते नमुने आम्ही बाद केले.

तुमचं काम जवळून पाहिलं ते एका शिबिरात. एक उंचापुरा मुलगा, "मला नाही भीती वाटत" म्हणत ऐटीत आला. तुम्ही काही न बोलता त्याला आडवं झोपवलंत. (या वयात चक्कर पुष्कळांना येते, आणि बढाई मारणाऱ्यांना जरा जास्तच, हे निरीक्षण तुमचंच.) स्पिरिट वाळेपर्यंत थांबलात. रक्त दिसताच दंडाचा पट्टा सोडलात. जांभळी ट्यूब न हलवता, आठदहा वेळा हळूच उलटीसुलटी केलीत. जोरात हलवली तर पेशी फुटतात. तो उठायच्या आत नाव आणि जन्मतारीख त्याच्याच तोंडून वदवून लेबल तिथेच चिकटवलंत. "एवढं रक्त?" असं त्याने विचारल्यावर तुम्ही सांगितलंत, चाळीस किलोच्या मुलाच्या अंगातसुद्धा जवळजवळ तीन लिटर रक्त असतं, तू तर त्याहून मोठा, मी घेतलं ते चार चमच्यांहून कमी.

उणे 80 अंशांचे फ्रीझर पाहुण्यांना कौतुकाने दाखवले जातात. दाखवावेत. पण बिघडलेला नमुना त्यात वर्षानुवर्षं बिघडलेलाच राहतो.

त्याच दिवशी एका मुलीने हात मागे घेतला. आईची सही झालेली होती, दिवसाचा कोटा बाकी होता, साहेब घड्याळ बघत होते. पालकांची संमती असली तरी मुलीचा स्वतःचा होकार लागतो, हे नियमावलीत आम्हीच लिहिलंय. पाळताना मात्र मी तुम्हाला पाहिलं. पट्टा गुंडाळून ठेवलात आणि लिहिलंत: 'मुलीचा नकार. नमुना घेतला नाही.' तिला मागून कुणी बोलू नये म्हणून आईशीही दोन शब्द बोललात.

ताई, रिकामी जागा आम्हाला चालते. राहून गेलेले आकडे कसे हाताळायचे याच्या पद्धती आहेत. कोटा भरायला कुणाचं तरी रक्त कुणाच्या तरी नावावर घातलं, तर त्यावर आमच्याकडे काहीही इलाज नाही. तुमच्या हातच्या फॉर्मवर 'नमुना नाही' असं दिसलं की मला उरलेल्या सगळ्या फॉर्मचा भरवसा वाटतो.

पुढच्या फेरीचं प्रशिक्षण ठरतंय. नव्या मुलामुलींना तुम्हीच शिकवावं, असं मी वरती कळवलंय. मानधनासह, हेही त्यात लिहिलंय. फॉर्ममध्ये काय बदलायचं ते लाल पेनाने खुणा करून पाठवा. पहिली खूण शेऱ्याच्या रकान्याच्या आकारावर येणार, हे गृहीत धरून मी तो आधीच अर्धं पान करून ठेवलाय.

तुमची,
आकडेवारी विभागातली एक