नानाला या वेळी कुठे ठेवायचे?

नाशिक, गुरुवार रात्र

प्रिय बापू,

सप्रेम नमस्कार.

दिवाळीपासून तुला एक ओळ लिहिली नाही आणि तुझे दोन फोनही मी मुद्दाम उचलले नाहीत, कारण नाना पुन्हा प्यायला लागला आहे आणि हे तुला सांगायला मला तोंड नव्हते. माझी साखर आटोक्यात आहे, आईचे गुडघे नेहमीसारखेच.

मागच्या वेळचे आपले भांडण तू विसरला नसशील. तू म्हणत होतास, आधी डॉक्टरांना दाखवा. मी म्हणत होतो, चार दिवस कोंडून ठेवला की सुटेल. बाटल्या मीच मोरीत ओतल्या आणि खोलीला कडीही मीच लावली. दुसऱ्या पहाटे त्याला फिट आली, जीभ दाताखाली सापडली, आणि वहिनी रक्ताने माखलेला उशीचा अभ्रा धूत असताना मी तिथे नुसता उभा होतो. रोज पिणाऱ्याची दारू एकदम तोडली तर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते आणि पुढे भ्रम होऊन जिवावर बेतू शकते, हे मला नंतर कळले. तुझेच बरोबर होते. हे तुला कधी म्हणालो नव्हतो.

गेल्या आठवड्यात सकाळी साडेसातला तांबट आळीत गेलो. नानाने मठारलेली घागर तुला आठवत असेल, रांगोळीच्या ठिपक्यांसारखे एकसारखे ठोके. या वेळी हातोडी भलतीकडे पडत होती. तो आत जाऊन आला, आणि थोड्या वेळाने हात स्थिर झाला. ते पाहून मला खरी भीती वाटली.

घरात प्रत्येकाचे मत वेगळे आहे. काका म्हणतात, सहा महिने व्यसनमुक्ती केंद्रात टाका. वहिनींना कुणीतरी दारू सोडवायची डायसल्फिरामची गोळी न सांगता आमटीत मिसळायला सुचवले होते. डॉक्टरांनी ते ऐकताच ठणकावून नाही म्हटले, कारण त्या गोळीवर दारू प्यायली तर रक्तदाब कोसळून माणूस दगावू शकतो. नाना म्हणतो, औषध घेईन, पण आपले भांड्यांचे दुकान सोडणार नाही.

डॉक्टरांनी मात्र तो किती पितो यापेक्षा दुसरेच जास्त विचारले: दिवसाचा पहिला घोट किती वाजता, थांबल्यावर पूर्वी काय झाले, यकृत कसे आहे, झोप आणि मन कसे आहे, सोडायची त्याची स्वतःची इच्छा किती, घरी कोण असते, येण्याजाण्याच्या वाटेवर दारूची दुकाने किती. अमेरिकेत १९९१ साली अशाच सहा बाजूंनी उपचाराची पायरी ठरवण्याचे निकष तयार झाले, असे ते म्हणाले. फिटचा इतिहास असल्यामुळे घरी सोडवणे बाद झाले. पहिला आठवडा रुग्णालयातच काढायचा, थरथर शमवणारी औषधे आणि थायमिनची, म्हणजे ब-१ जीवनसत्त्वाची, इंजेक्शने घेत. यावर आता कुणाचा वाद नाही.

अडले आहे ते त्यापुढे. डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ साली पुण्यात सुरू केलेल्या मुक्तांगणसारख्या ठिकाणी महिनाभर ठेवायचे, की घरी राहून ओपीडी आणि संध्याकाळी अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांनीच एकमेकांना आधार द्यायच्या, सभा? काम हाच त्याचा आधार आहे, हे मला पटते; पण आळीच्या तोंडाशीच दारूचे दुकान आहे, गिऱ्हाईक मजुरीबरोबर क्वार्टरही देते, आणि वहिनी दिवसभर एकट्या. माझा कौल निवासी उपचाराकडे आहे. फक्त, आपण त्याला टाकून दिले असे त्याला वाटू नये, आणि अर्जावर सही त्याने स्वतःच्या मनाने करावी, एवढेच मला हवे आहे. पुन्हा कडी लावणारा मी व्हायचे नाही.

तू कोणाचे ऐकतोस, असे डॉक्टरांनी विचारले तेव्हा नाना म्हणाला, "बापूचे. त्याच्या चपलेसाठी मी रामकुंडात उतरलो होतो, आणि चप्पल दुसऱ्याचीच निघाली." कितीतरी दिवसांनी तो हसला.

चिमीचा निकाल कळला, तिला माझे आशीर्वाद. तुझ्या बदलीचे भेटीत बोलू.

सोमवारी सकाळी ११ वाजता त्याला दाखल करायचे आहे. रविवारी संध्याकाळच्या पंचवटीने दादरहून निघ. नाशिकरोडला मी उभा असेन, आणि आपण थेट नानाकडे जाऊ.

तुझा,
आबा